जुन्या ट्रॅक्टरची विक्री व नोंदीवरील नांव

जमिनीच्या व्यवहारांत आपला शेतकरी सहसा गाफील राहत नाहीं. खरेदीखत झालें कीं तो चावडीच्या खेपा घालतो आणि सातबाऱ्यावर फेरफार चढेपर्यंत स्वस्थ बसत नाहीं. पण तोच मनुष्य जुना ट्रॅक्टर विकतो तेव्हां रक्कम मोजून घेतो, मुद्रांकाच्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या करवितो, किल्ली देतो आणि व्यवहार संपला असें मानतो. घेणाराहि ‘नांवावर सवडीनें करून घेऊं’ असें म्हणून ट्रॅक्टर घरीं नेतो. या दिरंगाईनें नुकसान होईल तर घेणाऱ्याचें, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिचा मोठा भार विकणाऱ्याच्या शिरावर राहतो. सबब हा लेख मुख्यतः त्याच्यासाठींच आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या दुसऱ्या कलमांत ‘मालक’ कोण हें सांगितलें आहे. वाहन ज्याच्या नांवावर नोंदलेलें असेल तो मालक. कर्जाऊ किंवा हप्त्यानें घेतलेल्या वाहनाबाबत, करारान्वयें ज्याच्या ताब्यांत तें असेल तो. जमिनीची गोष्ट याच्या उलट आहे: तेथें हक्क खरेदीखतानें जातो आणि फेरफार ही महसुली नोंद ठरते. ट्रॅक्टरची विक्री उभयतांपुरती किल्ली आणि रक्कम यांनीं पुरी होत असेलहि. परंतु अपघातांत जखमी झालेला किंवा मृताचे वारस भरपाई मागतात, तेव्हां न्यायाधिकरण नोंदीवरील नांव पाहतें. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं निकालांत काढलेल्या एका प्रकरणांत मूळ मालकानें मोटार २००७ सालींच विकली होती. पुढें ती हातोहात गेली, आणि २००९ सालीं अपघात झाला. नोंद मात्र पहिल्याच्याच नांवावर होती, म्हणून भरपाईची जबाबदारी न्यायालयानें त्याच्यावरच ठेविली. विमा चालू असेल तर निभावतें. परंतु ऊस-हंगामांत रात्रीं-बेरात्रीं धांवणाऱ्या ट्रॅक्टरचा विमा नव्या माणसानें भरला आहे किंवा नाहीं, हें विकून मोकळा झालेला मनुष्य कोठें पाहत बसणार?

कायद्याची रीत फारशी अवघड नाहीं. एकाच राज्यांतील व्यवहार असेल तर विकणाऱ्यानें १४ दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास फॉर्म २९ नें कळवावें व त्याची प्रत घेणाऱ्यास द्यावी. घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत फॉर्म ३० चा अर्ज, आर. सी. बुक व विम्याचें प्रमाणपत्र यांसह करावा. आमचें मत असें कीं, दोघांनीं मिळून अर्ज दाखल करावा, पोंच घ्यावी, आणि मगच ट्रॅक्टर अंगणांतून हलवावा. दोन्ही फॉर्मांवर कोऱ्या सह्या करून दलालाच्या हातीं देण्याची जी चाल पडली आहे ती अत्यंत घातक होय. तारीख व घेणाऱ्याचें नांव रिकामें ठेवलेला फॉर्म वर्षभर कोणाच्या खिशांत फिरेल याचा नेम नसतो. व्यापाऱ्यासच ट्रॅक्टर द्यावयाचा असेल तर त्याचें अधिकारपत्र पाहावें. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठीं तसे नियम लागू झाले आहेत, आणि वाहन ताब्यांत दिल्याची सूचना कार्यालयास करण्याची सोय त्यांत आहे.

कर्जाचा बोजा हा दुसरा अडथळा. हप्ते फिटले तरी आर. सी. वरील बँकेचें नांव आपोआप उतरत नाहीं. बँकेचा ना-हरकत दाखला व फॉर्म ३५ देऊन तें उतरवून घ्यावें लागतें. बोजा कायम असतां बँकेच्या लेखी संमतीवांचून मालकी बदलत नाहीं. फेड झाल्याबरोबर हें काम उरकावें, कारण दहा वर्षांनीं जुन्या शाखेंत कागद शोधणें किती जिकिरीचें असतें हें ज्यानें अनुभवलें तोच जाणे.

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरहून निराळी असते. दोन्ही विकल्यास दोहोंचें हस्तांतर करावें. घेणाऱ्यानें इंजिन व चासी यांचे क्रमांक आर. सी. शीं स्वतः ताडून पाहावेत, आणि नोंदणीची मुदतहि पाहावी. ती १५ वर्षांची असते. पुढें पांच-पांच वर्षांनीं नूतनीकरण लागतें. सीमेवरील शेतकरी कर्नाटकांतून स्वस्त ट्रॅक्टर आणतात. त्यांनीं तेथील कार्यालयाचा फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला आधीं मागावा, मग भाव करावा.

विम्याविषयीं एक गैरसमज आढळतो. मालकी बदलली म्हणजे त्रयस्थाच्या नुकसानीपुरता विमा नव्या मालकाकडे गेला असें कायदा मानतो. परंतु खुद्द ट्रॅक्टरची मोडतोड वा चोरी यांस तें लागू नाहीं. म्हणून घेणाऱ्यानें १४ दिवसांत विमा कंपनीकडे नांव बदलण्याचा अर्ज करावा.

मालक मृत्यु पावल्यास वारसांनीं ३० दिवसांत कार्यालयास तसें कळवावें, म्हणजे तीन महिनेपर्यंत ट्रॅक्टर त्याच नोंदीवर वापरतां येतो. त्या मुदतींतच फॉर्म ३१ चा अर्ज द्यावा लागतो. भावाभावांत वाटणी व्हावयाची असली तरी ही मुदत कोणासाठीं थांबत नाहीं.