जुन्या बेस गिटारचा सौदा : वाद्य पाहावे, तसा त्याचा इतिहासही

ऑक्टोबर १९७२ मध्ये लंडनमध्ये उभ्या असलेल्या एका गाडीतून एक बेस गिटार चोरीला गेली. 'बीटल्स'चे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे सुमारे ३० पौंडांना विकत घेतलेली ती होफ्नर कंपनीची गिटार होती. चोराने ती एका पबच्या मालकाला विकली आणि पुढे ती एका कुटुंबाच्या माळ्यावर पडून राहिली. शोधमोहिमेला यश येऊन ती मूळ मालकाकडे परतल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा चोरीला ५१ वर्षे उलटून गेली होती. एवढे प्रसिद्ध वाद्य इतका काळ दडून राहू शकते, तर हौशी वादकांमध्ये रोज हातोहात फिरणाऱ्या असंख्य अनामिक गिटारींचा माग कोण ठेवणार, हा प्रश्न या घटनेने पुन्हा पुढे आणला.

जुन्या वाद्यांची खरेदी-विक्री आणि अदलाबदल हा बेस गिटार वाजवणाऱ्यांच्या हौसेचाच एक भाग आहे. नवे वाद्य दुकानाबाहेर पडताच त्याची किंमत घसरते. त्यानंतर मात्र नीट जपलेल्या गिटारीचा भाव बराच काळ टिकून राहतो. त्यामुळे एखादी गिटार घ्यावी, वर्षभर वाजवून पाहावी, मन भरले की जवळपास त्याच किमतीला विकून दुसरी घ्यावी, असा शिरस्ता या वर्तुळात रूढ आहे. हा व्यवहार सुखाचा होण्यासाठी नेमके काय पाहावे, हे मात्र नवख्या ग्राहकाला ठाऊक नसते.

सुट्या भागांचे वाद्य

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. उभ्या, अवाढव्य डबल बेसवर वादकाला अंदाजाने सूर शोधावा लागे. फेंडर यांनी सतारीच्या पडद्यांप्रमाणे धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बसवल्या आणि सूर अचूक लागू लागला. 'प्रिसिजन' हे नाव त्यावरूनच पडले. १९६० मध्ये 'जॅझ बेस' आली. या गिटारींची मान धडाला चिकटवलेली नसून स्क्रूने जोडलेली असते. मान बिघडली तर बदलावी, पिकअप निकामी झाला तर दुसरा बसवावा, अशी ही सोय आहे. साठ वर्षांपूर्वीची गिटार आजही दुरुस्त होऊ शकते ती त्यामुळेच.

मात्र, हीच सोय फसवणुकीलाही वाट करून देते. एका गिटारीची मान, दुसरीचे धड आणि तिसरीचे पिकअप जोडून 'जुनी, अस्सल' म्हणून विकता येते. १९६५ मध्ये 'सीबीएस' या प्रसारण कंपनीने फेंडरचा कारखाना विकत घेतला. त्यापूर्वीच्या गिटारींना संग्राहकांकडून चढा भाव मिळतो. त्यामुळे गिटार १९६४ ची की १९६७ ची, हा प्रश्न मोठ्या रकमेचा ठरतो. १९७६ पर्यंत फेंडरचा अनुक्रमांक साधारणपणे मानेमागील धातूच्या पट्टीवर कोरलेला असे आणि ती पट्टी चार स्क्रू काढले की बदलता येते. म्हणून जाणकार मान उतरवून तिच्या टोकावरील तारीख पाहतात. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटवरील आकड्यांत निर्माता, वर्ष आणि आठवडा दडलेला असतो. तोही वाचला जातो. हे पुरावे एकमेकांशी जुळले, तरच विक्रेत्याच्या शब्दाला वजन येते.

निव्वळ झिजलेल्या रंगावर विसंबणे धोक्याचे. फेंडरने १९९५ पासून मुद्दाम जुन्या दिसणाऱ्या 'रेलिक' गिटारी विकण्यास आरंभ केला. तेव्हा रंगाचे पोपडे हे वयाचे प्रमाणपत्र मानता येत नाही. याउलट, खरोखरच जुन्या गिटारीला कोणी हौसेने नवा रंग दिला असेल, तर संग्राहकांच्या लेखी तिची किंमत बरीच उतरते.

हातात घेतल्यावर

संग्रहाशी कर्तव्य नसलेल्या साध्या वादकाने आधी मान तपासावी. नेहमीच्या बेस गिटारीत तारेची वाजणारी लांबी सुमारे ८६ सेंटिमीटर असते आणि चार तारांचा एकत्रित ताण ८० किलोच्या आसपास असतो. हा ताण पेलण्यासाठी मानेच्या आत 'ट्रस रॉड' ही पोलादी कांब असते. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली असता मधल्या भागात किंचित फट दिसली पाहिजे. फट फार मोठी असेल, तर ट्रस रॉडचा नट अजून फिरतो का, हे विचारावे. नट शेवटपर्यंत पिळलेला असेल किंवा कांब निकामी झाली असेल, तर दुरुस्तीचा खर्च गिटारीच्या किमतीला गाठू शकतो. मान पिळवटलेली असेल, तर सौदा सोडून द्यावा.

त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक सूर वाजवून पाहावा. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विरतो. मानेच्या स्वतःच्या कंपनामुळे असे घडते आणि चांगल्या गिटारींतही ते आढळते. बटण फिरवताना होणारी खरखर किरकोळ खर्चात जाते. तारांनी फ्रेटवर पाडलेल्या खोल खाचा मात्र खर्चिक ठरतात. मुंबईसारख्या दमट, खाऱ्या हवेच्या शहरात ब्रिजचे स्क्रू गंजून जाम झाले आहेत का, हेही पाहिले पाहिजे. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते, त्यामुळे ऐन पावसात घेतलेल्या गिटारीची मान हिवाळ्यात पुन्हा जुळवावी लागण्याची शक्यता असते.

ॲम्प्लिफायरचे गणित वेगळे

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत वजन आणि वीज हे दोन मुद्दे कळीचे ठरतात. १९६९ मध्ये आलेला ३०० वॉटचा 'ॲम्पेग एसव्हीटी' आजही नावाजला जातो. मात्र, त्याचा नुसता माथा उचलण्यास दोन माणसे बरी. हाताच्या पिशवीत मावणारे हलके ॲम्प्लिफायर आल्यापासून असे जडशीळ संच घरात ठेवण्यास अनेक जण नाखूश असतात आणि खरेदीदाराला घासाघीस करता येते. परदेशातून परतणारे अनेक जण अमेरिकेतील ॲम्प्लिफायर सोबत आणतात. तो १२० व्होल्टचा असेल आणि थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला जोडला, तर जळू शकतो. मागील बाजूची व्होल्टची नोंद वाचल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

गिटार परदेशातून मागवायची असल्यास लाकडाची चौकशी आवश्यक ठरते. शिसवीच्या कुळातील लाकडांवर २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला मात्र ही सूट नाही. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातील अनेक फेंडर गिटारींच्या मानेवर नेमके हेच लाकूड असल्याने अशी गिटार परवान्याविना सीमेपलीकडे धाडता येत नाही.

कागदाचा एक तुकडा

एवढी तपासणी करणारा ग्राहकही बहुधा एक गोष्ट विसरतो आणि ती म्हणजे मालकी. विख्यात बेसवादक जॅको पास्टोरियस यांची १९६२ ची जॅझ बेस १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेली. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. सुमारे दोन दशकांनी ती त्याच शहरात प्रकटली, तेव्हा ती कोणाची यावरून वाद उभा राहिला. अखेर 'मेटालिका'चे बेसवादक रॉबर्ट त्रुहियो यांच्या आर्थिक मदतीने तो मिटला.

भारतातही कायदा स्पष्ट आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम २७ नुसार, काही अपवाद सोडता, विक्रेत्याची स्वतःची मालकी नसेल, तर खरेदीदारालाही मालकी मिळत नाही. म्हणजे प्रामाणिकपणे पैसे मोजलेली गिटारही खऱ्या मालकाला परत द्यावी लागू शकते. चोरीची आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना ती घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तो गुन्हाही होतो.

यावरील उपाय अगदी स्वस्त आहे. मूळ पावती मागावी. ती नसल्यास विक्रेत्याचे नाव, पत्ता, तारीख, रक्कम आणि गिटारीचा अनुक्रमांक लिहून दोघांनी सह्या कराव्यात. अदलाबदलीत पैसे दिसत नसल्याने हा कागद हमखास राहून जातो. तेथेही दोन्ही वाद्यांचे क्रमांक आणि वर दिलेली रक्कम नोंदवावी. बदललेल्या भागांची यादी जोडावी, काढलेले मूळ भाग पिशवीत घालून सोबत द्यावेत. आपल्या गिटारीची छायाचित्रे आणि अनुक्रमांक घरी जपून ठेवावा. चोरी झालीच, तर 'ही माझी' हे पोलिसांपुढे सिद्ध करण्यास तोच आधार असतो. आज घेणारा उद्या विकणारा असतो आणि त्या दिवशी पुढचा ग्राहक हाच कागद मागतो.