जुहूचा चिखल आणि टपालाची वेळ

भारतातल्या विमानसेवेचा आरंभ म्हणून १५ ऑक्टोबर १९३२ ही तारीख सांगितली जाते. अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा त्या दिवशी सकाळी कराचीहून ‘पस मॉथ’ या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला इंधन भरून घेतले आणि दुपारी दोनच्या सुमारास जुहूला उतरले. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार केला. कराची ते जुहू हे अंतर अहमदाबादमार्गे हजार किलोमीटरहून थोडे अधिक भरते. ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला ते सहा-सव्वासहा तासांत गाठता येते. हवा कोरडी, आकाश स्वच्छ आणि हाताशी १९२९ सालीच मिळालेला, भारतातला पहिला वैमानिक परवाना. म्हणजे हे उड्डाण टाटांच्या आवाक्यातलेच होते. त्यांचे खरे अग्रेसरत्व दिसले ते पुढच्या पावसाळ्यात, आणि ते समजून घ्यायचे तर नजर आकाशाकडे नव्हे, जुहूच्या जमिनीकडे वळवावी लागते.

जुहूचा तळ १९२८ सालचा. समुद्रालगतचे सखल मैदान आणि झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, एवढाच टाटांच्या टपालसेवेचा तिथला संसार. उन्हाळ्यात हे मैदान उत्तम. सपाट, मोकळे आणि वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरता येईल असे. हलक्या विमानाला आडवा वारा सोसत नाही, त्यामुळे ठरावीक दिशेच्या अरुंद धावपट्टीपेक्षा असे मैदान तेव्हा सोयीचेच होते. पण मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भरती आणि पाऊस एकत्र आले की जुहूला पाणी साचे. पंखांची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उड्डाणाला लागणाऱ्या वेगाच्या निम्मा वेग गाठला, तरी पंखांनी फक्त पाव वजन उचललेले असते, उरलेले पाऊण वजन चाकांवरच असते. टणक जमिनीवर चाकांना होणारा विरोध वजनाच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढा असतो. चिखलात चाक रुतले की तो कित्येक पटींनी वाढतो आणि सव्वाशे अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनाचा जोर जमीनच गिळून टाकते. वैमानिक कितीही निष्णात असो, ज्या वेगाला विमान हवेत जाते तो वेगच येत नाही.

टाटांच्या मंडळींनी यावर काढलेला तोडगा भूगोलाचा होता. पावसाळ्यात विमाने, वैमानिक आणि मेकॅनिक यांच्यासह सगळा बाडबिस्तरा पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवायचा. पुणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. तिथला पाऊस मुंबईच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा, त्यामुळे चाकांखालची जमीन टिकते. घाटातल्या ढगांचा धोका मात्र काही टळत नव्हता. रेडिओची मदत नव्हती, डोळ्यांना दिसेल तेवढाच मार्ग. तरीही १९३३-३४ च्या सरकारी अहवालाने या सेवेच्या वक्तशीरपणाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ऐन पावसाळ्यातही मुंबई-मद्रासचे टपाल कराचीहून लंडनकडे जाणाऱ्या विमानाला चुकले नव्हते. ही नोंद मला पहिल्या उड्डाणापेक्षा मोठी वाटते.

कोणी म्हणेल, विमानाने टपाल तर १९११ सालीच गेले होते. खरे आहे. अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या वेळी आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने साडेसहा हजारांच्या आसपास पत्रे नैनीला नेली. पण ते अंतर दहाएक किलोमीटरचे आणि उड्डाण एका प्रसंगापुरते. त्यातून तळ उभा राहिला नाही, वेळापत्रक तर नाहीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या सेवेची योजना मुळात व्हिन्सेंट यांची होती, आणि ती इम्पीरियल एअरवेजने लंडनहून कराचीला आणलेले टपाल पुढे वाहून नेणारी जोडसेवाच होती, मग टाटांचे एवढे कौतुक का? व्हिन्सेंट यांचे श्रेय पूर्ण मान्य केलेच पाहिजे. एकट्या टाटांचे चित्र रंगवण्याच्या आपल्या सवयीने त्यांच्यावर अन्याय झाला आहे. जोडसेवा असण्यात मात्र कमीपणा नाही. उलट त्या बंधनातूनच शिस्त आली. समोरचे विमान थांबणार नाही म्हटल्यावर पाऊस ही सबब उरत नाही, आणि वर्षभर उघडा राहणारा तळ ही गरज ठरते.

पुढे विमाने मोठी झाली तशी ही गरज वाढत गेली. पस मॉथ भरलेले असतानाही टनाच्या आतले, तर डकोटा अकरा-बारा टनांचे. एवढा भार पेलायला पक्की लांब धावपट्टी, पाण्याचा निचरा आणि विस्ताराला जागा हवी. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाने वापरलेल्या सांताक्रूझच्या तळावर ते शक्य होते, म्हणून १९४८ मध्ये मुंबईची नागरी विमाने जुहू सोडून तिकडे गेली.