‘तो येईन’ यात चूक कुठे?

‘तो उद्या येईन’ हे वाक्य अकोला-अमरावतीकडे सर्रास ऐकू येते आणि पुण्या-मुंबईच्या कानाला ते हमखास खटकते. प्रमाण मराठीत ‘येईन’ फक्त ‘मी’चे. वऱ्हाडी मात्र मी येईन, तू येशीन, तो येईन, ते येतीन असे एका दमात म्हणते. याला जिभेचा आळस म्हणावे, तर तोच माणूस ‘आला’, ‘गेला’, ‘केला’ यांतला ल स्वच्छ उच्चारतो. ल चा न होतो तो भविष्यकाळाच्या प्रत्ययात. उच्चाराची खोड असती तर ती असा काळ बघून आली नसती! ‘मी येईन’मधला न प्रमाण मराठीतही आहेच, तोच शेजारच्या रूपांत पसरला असावा, हे मला अधिक पटते.

रूपे अशी एकसारखी होणे भाषांना नवे नाही. स्पॅनिशमध्ये क्रियापदांचे तीन गट आहेत: आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), बिबिर (जगणे). वर्तमानकाळात त्यांचे प्रत्यय वेगवेगळे. भविष्यकाळात मात्र मूळ क्रियापद अख्खे ठेवून तिन्ही गटांना ए, आस, आ, एमोस, एइस, आन हेच प्रत्यय लागतात. आब्लारे म्हणजे मी बोलेन, कोमेरास म्हणजे तू खाशील, बिबिरा म्हणजे तो जगेल. हे प्रत्यय म्हणजे लॅटिनमधल्या ‘जवळ असणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे झिजलेले अवशेष. लॅटिनचा जुना भविष्यकाळ मागे पडला आणि लोकांच्या तोंडची ही जोडणीच पुढे प्रमाण ठरली.

‘मी’ आणि ‘तो’ यांचे रूप एकच झाले तर घोटाळा होईल, हा आक्षेप रास्त वाटतो. पण स्पॅनिशच्या एका भूतकाळात ‘आब्लाबा’ हे रूप ‘मी बोलत असे’ आणि ‘तो बोलत असे’ या दोन्हींसाठी चालते. संदर्भ पुरला नाही तर सर्वनाम जोडतात. वऱ्हाडीही तेच करते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘येईल’च हवे, हे मान्य. मात्र ‘येईन’वर लाल रेघ ओढताना ती अशुद्ध भाषा नसून वऱ्हाडीचा नियम आहे, एवढे शिक्षकाने सांगायला हवे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या 1905 सालच्या मराठी खंडात वऱ्हाडीची नोंद आहे; उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (1960) या कादंबरीने ती बोली साहित्यात मानाने आणली. आता अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही आले आहे. वऱ्हाडीच्या क्रियापदांचे तक्ते त्याने शालेय व्याकरणाच्या जोडीला छापून द्यावेत.