व्हॉल्व्हच्या काचेवरचं पहिलं अक्षर

मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि सगळा खान्देश हैराण होतो. जुन्या रेडिओतल्या अंगठ्याएवढ्या व्हॉल्व्हचं मात्र तेवढ्या उन्हाने काहीच होत नाही. त्यातल्या कॅथोडला सुमारे ७०० अंश सेल्सिअस लागतात, तेव्हा कुठे गाणं सुरू होतं.

कॅथोड म्हणजे निकेलची बारीक नळी. तिच्यावरचा ऑक्साइडचा पांढरा लेप तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. काचेत हवा नसल्याने त्यांना अडवणारं कोणी नसतं. समोरच्या प्लेटवर २५० व्होल्ट असले, तर तिथे पोहोचेपर्यंत त्यांचा वेग सेकंदाला नऊ हजार किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगाने जळगावहून धुळ्याला एका सेकंदात शंभरेक खेपा होतील! वाटेत तारेची नाजूक जाळी असते, ती ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये बसवली. जाळीवरचा व्होल्टभर चढउतार हा सगळा लोंढा कमीजास्त करतो. आवाज मोठा होतो तो असा.

आता असा व्हॉल्व्हचा रेडिओ सेट घरात ऐकायला घ्यायचा, तर मर्फी, बुश की फिलिप्स हा प्रश्न नंतरचा. पॉलिशला भुलू नका. प्लग काढून मागचा पुठ्ठा उघडा आणि व्हॉल्व्हच्या काचेवरची अक्षरं वाचा. युरोपीय पद्धतीच्या नावात पहिलं अक्षर कॅथोड तापवणाऱ्या तारेला लागणारी वीज सांगतं, आणि त्यावरून सेट कोणत्या विजेवरचा ते कळतं. ‘डीके ९६’ असेल, तर सेट ड्राय बॅटरीचा, वीज न पोहोचलेल्या गावासाठी बनवलेला. ‘यूसीएच ८१’ असेल, तर एसी-डीसी दोन्हींवर चालणारा. अशा सेटमध्ये बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चेसिस थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की बटणाच्या उघड्या स्क्रूलाही शॉक! ‘ईसीएच ८१’ दिसला, तर बहुधा ट्रान्सफॉर्मर आहे. घरासाठी हाच बरा.

पुढची अक्षरं काम सांगतात. ‘ईएल ८४’ स्पीकर हलवतो. एकट्याने पाचेक वॅट देतो, खोलीला पुरून उरतात. ‘ईएम ८४’ म्हणजे स्टेशन नीट लागलं की हिरवी पट्टी जुळवणारा मॅजिक आय. काचेवरचा चंदेरी डाग बेरियमचा, उरलीसुरली हवा शोषून घेणारा. तो पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला.

व्हॉल्व्ह बदलता येतो. जुने कागदी कंडेन्सर तर बदलायचेच. ट्रान्सफॉर्मर जळला असेल, तर मात्र रिवाइंडिंग करणारा कारागीर शोधावा लागतो. म्हणून पैसे मोजण्याआधी तो मीटर लावून तपासून घ्या. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट प्लगला लावू नये. जाणता मेकॅनिक आधी सिरीजमध्ये साधा बल्ब लावतो. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये शॉक देण्याइतका विद्युतभार उरतो, हे विसरू नका.

स्टिरिओ हवाच का? अमेरिकेत एफएम स्टिरिओ १९६१ मध्ये आलं आणि तिथे व्हॉल्व्हचे स्टिरिओ रिसीव्हर निघाले. ते ११७ व्होल्टचे, म्हणजे इथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आला. आपल्याकडे एफएम १९७७ मध्ये मद्रासला सुरू झालं, तोवर ट्रान्झिस्टरने घरं व्यापली होती. त्यामुळे खान्देशातल्या जुन्या घरात सापडणारा सेट एका स्पीकरचा, मीडियम आणि शॉर्ट वेव्हचा. रेकॉर्डी ऐकण्यासाठी स्टिरिओ घ्यायचा, तर आउटपुट व्हॉल्व्ह दुप्पट, आउटपुट ट्रान्सफॉर्मर दुप्पट आणि दुरुस्तीचा खर्चही तसाच. पहिला सेट मोनोच घ्या.

आता स्टेशन लावायचं. साठच्या दशकातल्या डायलवर जळगाव छापलेलं नसतं, आकाशवाणीचं ते केंद्र नंतरचं. डायल मीटरमध्ये असेल, तर ३,००,००० ला जळगावच्या ९६३ किलोहर्ट्झने भागा: सुमारे ३११.५. जळगावची जागा ३०० च्या किंचित पुढे.