महामार्ग गुळगुळीत, टायर मात्र गोटा!

पूर्वी बाजाराला गाडी जुंपायची म्हटलं, की घरातलं जाणतं माणूस आदल्या दिवशीच चाकाभोवती फिरायचं. धाव ढिली झाली आहे का, आऱ्यांत खेळ आहे का, आसाला वंगण आहे का, हे सगळं हातानं चाचपून बघायचं. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसायचं आणि लोखंडी धाव निसटायला बघायची, म्हणून चाकं ओढ्याच्या पाण्यात भिजत घालायची. एवढी काळजी कशासाठी, तर ताशी चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या बैलगाडीसाठी. वाटेत धाव निघालीच, तर गाडी कलंडायची, दोन पोती सांडायची आणि बैल तिथंच उभे राहायचे. माणसाच्या जिवावर क्वचितच बेतायचं.

आज तोच शेतकरी टोमॅटोची क्रेट किंवा मिरचीची पोती पिकअपमध्ये भरतो आणि रात्री दोन वाजता द्रुतगती महामार्गाला लागतो. वेग वीस पटींनी वाढला. पण निघताना चाकाभोवती फेरी मारणारं माणूस कुठं दिसत नाही. "हवा बघितली का रं?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, "काय होत नाही आण्णा, परवाच भरलीय."

रस्ता बदलला, सवय तीच

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, तेव्हा तो आपल्यापैकी बहुतेकांना लांबचा होता. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग मात्र थेट आपल्या शिवारातून गेला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. दहा जिल्ह्यांतून तो जातो. मोटारींना ताशी १२० आणि मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना तिथं मज्जाव आहे.

साध्या रस्त्यावर गतिरोधक येतो, गाव येतं, वळण येतं. त्या निमित्तानं गाडी थांबते आणि टायर थंड व्हायला उसंत मिळते. द्रुतगती मार्गावर तसं काही नाही. तास-दोन तास एकाच वेगानं चाक फिरत राहतं. कच्चा टायर तालुक्याच्या रस्त्यावर सहा महिने ढकलगाडी करेलही, पण या रस्त्यावर तो पहिल्याच फेरीत उघडा पडतो.

टायर फुटतो तरी कसा?

"सिमेंटच्या रस्त्यानं टायर फुटतात," असं पारावर सर्रास ऐकायला मिळतं. ते अर्धवट आहे. टायरचा खरा वैरी उष्णता. ही उष्णता रस्त्यातून येते त्यापेक्षा टायरच्या स्वतःच्या हालचालीतून अधिक येते.

हवा कमी असली की टायरची बगल प्रत्येक फेऱ्याला दबते आणि पुन्हा उठते. लोखंडी तार सारखी वाकवून सरळ केली की जशी गरम होते, तसंच इथं होतं. मिनिटाला शेकडो वेळा बगल दुमडते, आतली उष्णता वाढत जाते. रबर आणि आतल्या तारांचे थर एकमेकांना सोडू लागतात. मग एका क्षणी थर उलगडतो आणि टायर बंदुकीसारखा आवाज करून फुटतो. त्यात गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माल असेल, वेग जास्त असेल आणि मे महिन्याचं विदर्भातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन असेल, तर विचारायलाच नको.

दुसरं कारण जुन्या जखमेचं. खड्ड्यात चाक आदळलं, शेताच्या बांधावर दगड लागला, बगलेला फुगा आला किंवा चीर गेली, तरी गाडी चालते म्हणून आपण चालवत राहतो. टायरची बगल हा त्याचा सगळ्यांत नाजूक भाग. तिथल्या फुग्यावर आणि चिरेवर पंक्चरवाल्याकडं इलाज नाही. असा टायर बदलायचाच.

हे गैरसमज सोडा

पहिला गैरसमज म्हणजे, "उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी." हा सगळ्यांत घातक. चालताना टायर तापून दाब वाढणार, हे टायर बनवणाऱ्यानं आधीच धरलेलं असतं. हवा कमी ठेवली की बगल जास्त दबते आणि टायर उलट जास्त तापतो. त्यामुळं कंपनीनं सांगितली तेवढी हवा बाराही महिने ठेवावी. हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीसोबतच्या पुस्तकात असतो. मालवाहू गाडीला रिकाम्या आणि भरल्या गाडीचे आकडे वेगळे असतात, हेही ध्यानात ठेवा.

दुसरा, "वाटेत टायर तापला की थोडी हवा सोडावी." मुळीच नको. गरम टायरचा दाब जास्तच दिसणार. हवा तपासायची ती सकाळी, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर.

तिसरा, "नायट्रोजन भरला की काळजी मिटली." नायट्रोजन चांगला असला, तरी साध्या हवेतही साधारण ७८ टक्के नायट्रोजनच असतो. वेळेवर तपासलेली साधी हवा ही न तपासलेल्या नायट्रोजनपेक्षा कधीही बरी.

टायर वाचायला शिका

सातबारा वाचता येतो, तसा टायरही वाचता आला पाहिजे. बगलेवर एक चार आकडी संख्या असते. समजा १४२२ असेल, तर तो टायर २०२२ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनला. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांपुढे वापरूच नये, असं टायर बनवणाऱ्या कंपन्या सांगतात. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतं. वर्षभर उभ्या असलेल्या गाडीच्या टायरालाही हे लागू आहे आणि स्टेपनीलाही.

नक्षीच्या खाचांत मधेमधे रबराच्या छोट्या उंच पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. चारचाकीसाठी कायद्यानं तेवढीच किमान हद्द आहे. त्याखाली गेलेला टायर म्हणजे गोटा. तो पावसात पाणी बाजूला सारू शकत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी घसरते.

झीज कुठं आहे, यावरूनही रोग कळतो. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते आहे. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त आहे. एकच कड झिजली असेल तर चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे. मागं जोड टायर असतील तर दोहोंच्या मधे अडकलेला दगड निघताना काढून टाका. रिमोल्ड केलेला टायर पुढच्या चाकाला तर घालूच नका.

फुटलाच तर?

एवढं करूनही टायर फुटू शकतो. रस्त्यावर पडलेला लोखंडाचा तुकडा काही विचारून येत नाही. ताशी १२० च्या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. ताशी ८० ला २२ मीटर. म्हणजे विचार करायला वेळ नाही. काय करायचं, ते आधीच डोक्यात पक्कं हवं.

आवाज झाला की पाय आपोआप ब्रेककडं जातो. तिथंच घात होतो. फुटलेल्या चाकाची पकड गेलेली असते. जोरात ब्रेक दाबला की गाडी गिरकी घेते किंवा उलटते. म्हणून ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं आणि गाडी सरळ ठेवायची. पुढचा टायर फुटला तर गाडी त्या बाजूला ओढते. मागचा फुटला तर गाडीची शेपटी हलते आणि ती सांभाळणं अधिक अवघड जातं. दोन्ही वेळा झटका देऊन स्टिअरिंग वळवायचं नाही. अॅक्सिलेटर हळूहळू सोडायचा. गाडी आपल्या वजनानं मंदावते. वेग बराच उतरला की मगच हलका ब्रेक, डावा इंडिकेटर आणि सावकाश डाव्या कडेला. रिम खराब होईल म्हणून मधल्या लेनमध्ये थांबू नका. रिम नवी मिळते.

पट्टा लावलेला नसेल तर पहिल्याच झटक्यात चालक जागेवरून सरकतो, मग स्टिअरिंग धरणार कोण? पट्टा दंडासाठी नाही, हात स्टिअरिंगवर राहावेत म्हणूनही आहे.

थांबल्यावर खरा धोका

गाडी कडेला लागली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मागून येणाऱ्या गाडीचा धोका तिथूनच सुरू होतो. चारही दिवे लुकलुकते ठेवा. माणसं रस्त्याच्या विरुद्ध बाजूनं उतरवून लोखंडी कठड्यापलीकडं उभी करा. गाडीत, गाडीमागं किंवा सावलीसाठी गाडीच्या आडोशाला कुणी बसायचं नाही. लाल त्रिकोण निदान शंभर पावलं मागं ठेवा. आपल्याकडं दगड आणि झाडाच्या फांद्या लावायची रीत आहे. गाडी निघून जाते, दगड तिथंच राहतात आणि पुढच्याचा टायर फोडतात. ते टाळा.

रहदारीच्या बाजूचं चाक असेल तर रात्री स्वतः बदलण्याचा हट्ट धरू नका. महामार्गाच्या मदत क्रमांकावर, नाहीतर ११२ वर फोन करा. जखमी असेल तर १०८. मदत येईपर्यंत टोमॅटोचा भाव उतरेल, हे खरं. पण तो उद्या पुन्हा चढेल.

सगळं टायरवर ढकलू नका

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. टायर फुटल्याचं चालकानं सांगितलं होतं. परिवहन खात्याच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. यातून घ्यायचा तो धडा असा, की सरळ, मोकळ्या रस्त्यावर डुलकी ही फुटक्या टायरइतकीच वैरीण आहे. दिवसभर तोडणी करून रात्री स्वतःच गाडी घेऊन निघणाऱ्यानं हे विशेष ध्यानात ठेवावं. दोन तासांनी थांबावं, खाली उतरावं, तोंड धुवावं आणि त्याच वेळी चारही चाकांभोवती एक फेरी मारावी.

दुसरी गोष्ट ओझ्याची. एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल नेला की भाडं वाचतं, असं वाटतं. क्षमतेपेक्षा जास्त मालाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये आहेत. हा हिशेब सोडला, तरी मालावर बसवलेल्या मजुरांचं काय? मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना विम्याचं संरक्षण आहे. वर बसलेल्या इतरांना सहसा ते नसतं. अपघात झाला की भरपाईचा बोजा गाडीमालकाच्या जमिनीपर्यंत येऊ शकतो.

पंचायतीनं काय करावं?

महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींना यात बरंच करता येईल. हंगाम सुरू होण्याआधी परिवहन कार्यालयाला पत्र देऊन आठवडी बाजाराच्या दिवशी गाड्या तपासण्याचं शिबिर मागावं. उपकेंद्रात वजनकाटा असतो, तसा पंचायतीत एक चांगला हवामापक ठेवला तर खर्च काही शेकड्यांत भागतो. शॉर्टकटसाठी महामार्गाचं कुंपण कुणी तोडलं असेल, तर पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी ते लगेच कळवावं. त्या भगदाडातून जनावर रस्त्यावर येतं आणि त्याला चुकवताना गाडी उलटते.

अपघात दिसला तर "पोलिसांचं लचांड मागं लागेल" म्हणून पाठ फिरवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. हे कलम येत्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं आणि फलकावर लावावं.

नवा टायर महाग आहे, यात वाद नाही. पण ठिबकची नळी फुटली तर आपण त्याच दिवशी बदलतो, कारण पीक वाळेल याची भीती असते. गाडीच्या चाकावर तर घरातलं कमावतं माणूस बसलेलं असतं. आज संध्याकाळी गाडी भरण्याआधी पाच मिनिटं काढा, हवा मोजा, बगलेवर हात फिरवा, स्टेपनी आणि जॅक आहे का ते बघा. मग खुशाल बाजाराला निघा.