मॅरियनची रोजनिशी

मुलांनो, गुप्तहेर म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे कोण उभा राहतो? हातात भिंग घेऊन पावलांचे ठसे न्याहाळणारा एखादा चाणाक्ष पुरुषच ना? परंतु एका इंग्रज लेखकाने हे काम अशा व्यक्तीवर सोपविले की, तिच्याकडून कोणी त्याची अपेक्षाही केली नसती. तिच्यापाशी अधिकार नव्हता, फारसे धनही नव्हते. होती ती तीक्ष्ण बुद्धी, नित्य लिहिलेली एक रोजनिशी आणि धाकट्या बहिणीवरील अपार माया. तिचे नाव मॅरियन हॅलकोम.

ही मॅरियन विल्की कॉलिन्स याच्या 'द वूमन इन व्हाइट', म्हणजे 'शुभ्रवस्त्रा स्त्री', या कादंबरीत भेटते. चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकातून ही कादंबरी १८५९ च्या नोव्हेंबरपासून १८६० च्या ऑगस्टपर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. कॉलिन्सने कायद्याचे शिक्षण घेतले होते. म्हणूनच की काय, न्यायालयात साक्षीदार एकामागून एक उभे राहावेत, तशी यातील पात्रे आपापल्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगतात.

मॅरियन आणि लॉरा या एकाच मातेच्या, पण भिन्न पित्यांच्या कन्या. लॉरा श्रीमंत, तर मॅरियन जवळजवळ निष्कांचन. तरीही दोघींमध्ये असूयेचा लवलेश नाही. लॉराचा विवाह सर पर्सिव्हल ग्लाइड या कर्जबाजारी सरदाराशी होतो. लॉरा निपुत्रिक वारली, तर तिचे वीस हजार पौंड पतीला मिळावेत, असा करार झालेला असतो. पर्सिव्हल आणि त्याचा धूर्त मित्र काउंट फॉस्को यांची दृष्टी या धनावर असते.

मॅरियनला संशय येतो. एके रात्री ते दोघे खाली बसून खलबत करीत असता, ती खिडकीतून व्हरांड्याच्या छपरावर उतरते. पाऊस पडू लागतो. वस्त्रे चिंब होतात. पण ती जागची हलत नाही. खोलीत परतल्यावर, हुडहुडी भरलेली असतानाही, ऐकलेले सारे ती रोजनिशीत उतरविते आणि मगच तापाने अंथरुणास खिळते. फॉस्को ती रोजनिशी चोरून वाचतो; शत्रू असूनही तिच्या बुद्धीची त्याला प्रशंसा करावीशी वाटते!

मॅरियन आजारी असतानाच दुष्ट डाव साधला जातो. लॉरासारखीच दिसणारी अॅन कॅथरिक ही दुर्बल हृदयाची स्त्री लंडनमध्ये मरण पावते. तिला लॉराच्या नावाने पुरण्यात येते आणि खऱ्या लॉराला अॅन म्हणून वेड्यांच्या इस्पितळात कोंडण्यात येते. 'मी लॉरा आहे' असे ती जितके सांगते, तितकी ती लोकांना वेडी वाटते.

बरी झाल्यावर मॅरियन अॅनला भेटण्यासाठी त्या इस्पितळात जाते आणि पाहते तो काय! समोर आपली बहीण! परिचारिकेला पैसे देऊन ती तिला सोडवून आणते. त्यात तिच्या तुटपुंज्या पुंजीतील मोठा भाग खर्ची पडतो. लॉरावर प्रेम करणारा चित्रकलाशिक्षक वॉल्टर हार्टराइट त्यांच्या साहाय्यास येतो. तिघे लंडनच्या गरीब वस्तीत राहतात. मॅरियन घरातील सारी कामे स्वतः करते.

परंतु सगे ओळख देत नसतील, तर जिवंत माणूस जिवंत आहे हे सिद्ध कसे करावे? सारे रहस्य एका तारखेत दडलेले असते. दाखल्याप्रमाणे 'लॉरा' २५ जुलै १८५० रोजी वारली. ती लंडनला त्यानंतर निघाली, असे दाखविता आले, तर कपट उघडे पडणार होते. पण मॅरियनची रोजनिशी नेमकी त्याच दिवसांत आजारामुळे कोरी राहिलेली! ती उणीव वॉल्टर भरून काढतो. फॉस्कोचा कबुलीजबाब, पर्सिव्हलचे पत्र आणि भाड्याच्या घोडागाड्या देणाऱ्याची वही, तिन्हींतून एकच तारीख निघते : २६ जुलै. अखेर गावकऱ्यांसमक्ष थडग्यावरील लॉराचे खोटे नाव छिन्नीने पुसून टाकले जाते.

त्या काळी इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीच्या मालमत्तेवर बहुतांशी पतीची सत्ता चाले. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ही स्थिती पालटली. अशा काळात एका स्त्रीने बहिणीसाठी बलाढ्यांशी झुंज द्यावी, हेच या कथेचे मर्म होय. जगाने जिला मृत ठरविले, तिला मॅरियनने एका दृष्टिक्षेपात ओळखले. कागदाचे पुरावे पुढे मिळाले. पण ते शोधण्याचे बळ त्या पहिल्या ओळखीतूनच आले.