गिटारच्या आतली अखंड पट्टी
काल मित्राच्या गिटारच्या साउंडहोलमधून छोटा आरसा घालून आत पाहिलं. लायनिंग चक्क अखंड!

गिटारच्या बाजूच्या फळ्या जेमतेम २ मिमी जाड. एवढ्याशा कडेवर वरची फळी नीट चिकटणार नाही, म्हणून आतून लायनिंगची पट्टी लावतात. बहुतेक गिटारींत तिला जवळजवळ खाचा असतात, त्यामुळे ती सहज वळते.

अखंड लायनिंगला मेहनत जास्त. मी महोगनीच्या पातळ पट्ट्या गरम पाइपवर वाकवतो, साच्यातच एकावर एक चिकटवतो आणि भरपूर क्लॅम्प लावून रात्रभर ठेवतो. कंबरेचा बाक सर्वांत अवघड. तिथे फट दिसली तर क्लॅम्पच्या जोरावर दाबू नका, पट्टी पुन्हा वाकवा.

चौकट ताठ होते, आकार टिकतो. माझ्या मते ही मेहनत घ्यावीच.